पडद्याची भिंत

सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या माणसाला एक वाक्य तोंडपाठ असतं: “पहिल्यापासून असंच आहे.” माझी सगळी नोकरी हे वाक्य ऐकण्यात गेली. दिल्लीतल्या सरकारी घरांची डागडुजी बघायची, आणि कोणी परवानगीशिवाय काही तोडलं-जोडलं असेल तर नोटीस काढायची, हे माझं काम. मी इंजिनीअर, पण लोक मला पोलीसच समजत. बाल्कनीला काचा लावून खोली केलेली असायची, स्वयंपाकघराची भिंत हातभर पुढे सरकलेली असायची, आणि घरातले हात जोडून म्हणायचे, “मॅडम, शुरू से ऐसा ही है.”

बदली झाली की घर ‘मूळ स्थितीत’ परत द्यावं लागतं. मग आठ दिवसांत काचा उतरायच्या, भोकं बुजायची, वर सफेदीचा हात फिरायचा. मी पाहणीला गेले की आख्खं कुटुंब ओळीत उभं. मुलांनासुद्धा पढवलेलं असायचं. सरोजिनी नगरात एकदा एका चिमुरडीने मी जिन्यातून वर येतानाच दार उघडून सांगितलं, “आंटी, शुरू से ऐसा ही था.” मी अजून काही विचारलंही नव्हतं. आईने कपाळावर हात मारला. मी जीपपर्यंत हसत गेले आणि कागदावर ‘ठीक’ असा शेरा मारला.

आता मी निवृत्त आहे, गाझियाबादला राहते, आणि माझ्या स्वतःच्या बाल्कनीला काचा आहेत. पहिल्यापासून नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून माझी आत्या आली. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच दिल्लीला येत होती. बाबा तिचा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. दोघांचा जन्म दिल्लीतला, इंग्रज अजून इथे असतानाचा. माझे आजोबा साताऱ्याकडचे. सचिवालयात कारकून म्हणून आले आणि त्यांना गोल मार्केटजवळ, इंग्रजांनी नव्या राजधानीच्या कारकुनांसाठी वसवलेल्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. आत्या चार वर्षांची असताना तिथेच आजी विषमज्वराने गेली. वर्षभरात आजोबांनी बदली मागून घेतली, दिल्ली सोडली, आणि आत्याची रवानगी पुण्याला तिच्या मावशीकडे झाली. आजीचा एकच फोटो आहे. त्यात ती कोणाकडेच बघत नाही, कॅमेऱ्याकडे तर नाहीच.

पण आत्याला आई आठवते. एकच आठवण आहे, आणि ती मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की माझीच वाटावी. आई अंगणात भिंतीला लागून पाटावर बसली आहे, मटार सोलते आहे. भिंतीला जाळी आहे. जाळीतून ऊन आत येतंय आणि आईच्या लुगड्यावर उन्हाचे चौकोन पडले आहेत. आत्या ते चौकोन उचलायला जाते. हात लावला की चौकोन लुगड्यावरून तिच्या हातावर येतो, हात काढला की परत लुगड्यावर. आई हसते आणि एक मटार तिच्या तोंडात घालते. बस, इतकंच.

आणि दर वेळी, आत्याचं सांगून होताच, बाबा वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणायचे, “पहिल्यापासून सलग भिंत होती. जाळी-बिळी काही नव्हती. तू सिनेमात बघितलं असशील.”

बाबा एरवी नाकासमोर चालणारे, कोणाला उलट न बोलणारे. बहिणीवर तर जीव होता. बाबा पुढे नोकरीसाठी दिल्लीला परत आले होते; दिवाळीला भाऊबीजेसाठी आत्या आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरात यायची, तेव्हा तिच्या आवडीची करंजी स्वतः लपवून ठेवायचे. पण जाळीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. आत्या चिडायची, मग रडकुंडीला यायची. माझी आई दोघांना चहा द्यायची. मोठी माणसं एका भिंतीवरून एवढं का भांडतात हे मला तेव्हा कळत नसे.

या खेपेला आत्या आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच पेपरातली बातमी तिला वाचून दाखवली. गोल मार्केटकडचे ते जुने क्वार्टर रिकामे झाले होते आणि पाडायला घेणार होते. मला वाटलं, गंमत म्हणून सांगावं. आत्याने पेपर माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, “तू इंजिनीअर आहेस ना गं?”

“होते.”

“मला तिथे घेऊन चल. ती भिंत बघ आणि सांग. जाळी होती की नव्हती. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा तोंडातून काढणार नाही.”

“अगं, आता कशाला? चार वर्षांची होतीस तू.”

“म्हणूनच. तेवढं एकच आहे माझ्याकडे. ते खोटं असेल तर मला आई आठवतच नाही, असं झालं ना? मग तसं तरी कळू दे.”

 उत्तर मला ठाऊक होतं. त्या वसाहतीचे जुने नकाशे मी नोकरीत पाहिलेले होते. मेणकापडावर निळसर शाईने काढलेले, इतके सुबक की नोटीस काढायचं विसरून बघत बसावं. कारकुनांच्या घरांचे त्यात दोन प्रकार होते. साहेबी वळणाने राहणाऱ्यांसाठी ‘अनऑर्थोडॉक्स’ आणि देशी वळणाने राहणाऱ्यांसाठी ‘ऑर्थोडॉक्स’. हे शब्द माझे नाहीत, नकाशावर छापलेले. ऑर्थोडॉक्स घराला मागे अंगण, आणि अंगणाला उंच, सलग भिंत. तिच्यावर लिहिलेलं: पर्दा वॉल. जाळी कुठेही नाही. पडद्याच्या भिंतीला जाळी ठेवायची म्हणजे पडद्याचा हेतूच गेला.

मला या प्रकाराचं नेहमी हसू यायचं. साहेबाने कुठल्या तरी एका हवेलीत पडदा पाहिला असेल आणि ठरवून टाकलं, हिंदुस्थानी बाई म्हणजे पडदा. मग मद्रासची असो, बंगालची असो की साताऱ्याची, सरकारने सगळ्यांना सरसकट भिंत मंजूर केली. माझी आजी नऊवारी कसून, डोक्यावर पदर घेऊन का होईना, नदीवरून पाणी आणलेली बाई. तिला कोणी विचारलं होतं?

आम्ही जानेवारीत एका सकाळी निघालो. धुकं असं की टॅक्सीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. आत्याने दोन स्वेटर, शाल आणि माझ्या मुलाची जुनी कानटोपी असा जामानिमा केला होता. मी पोळीच्या गुंडाळ्या आणि थर्मासमध्ये चहा घेतला. पर्समध्ये सवयीने टेप आणि छोटा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होताच. नोकरी सुटली तरी ही दोन हत्यारं माझ्या पर्समधून सुटलेली नाहीत. नातवंडं हसतात.

ती वसाहत मी हजारदा पाहिली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितली असं म्हणायला हवं. चौकोनी मैदानं, भोवती पांढऱ्या बुटक्या घरांच्या रांगा, पुढे कमानींचा व्हरांडा. मधल्या बागेत कडुनिंब. नव्या राजधानीची आखणीच अशी होती की कोण किती मोठा हे पत्त्यावरून कळावं. सचिवालयाच्या टेकडीजवळ साहेब, त्यापुढे छोटे साहेब, मग कारकून, आणि सगळ्यांत लांब शिपाई. शिपायाला सगळ्यांत आधी ऑफिसला पोचायचं असे, आणि त्याचंच घर सगळ्यांत दूर. आम्ही मोठेपणी क्वार्टराच्या दर्जावरून टाइप-टू, टाइप-फोर म्हणत एकमेकांची लायकी मोजत राहिलो, ती सवय कुठून आली ते इथे दिसतं. आमच्या शेजारच्या काकू पाहुण्यांची ओळख करून देताना आडनावाच्या आधी टाइप सांगायच्या.

आता मात्र घरांची दारं-खिडक्या उपटून नेली होती. भिंतींवर लाल फुल्या. मधल्या बागेत बॅडमिंटनची फाटकी जाळी अजून लटकत होती. कोपऱ्यावर खुर्ची टाकून एक गार्ड शेकोटीपाशी बसला होता.

“अंदर जाना मना है, मॅडम.”

मी माझा जुना आवाज काढला. “विभाग से हूँ. रिटायर्ड. वॉल देखनी है.” भिंत बघायला आलेय असं सांगणारी माणसं त्याला पूर्वी भेटली नसावीत. तो गोंधळला, आत्याच्या कानटोपीकडे त्याने पाहिलं, आणि म्हणाला, “जल्दी आ जाना. और कुछ छूना मत.”

आता घर कुठलं? बाबा मला लहानपणी स्कूटरवर पुढे उभी करून या रस्त्याने नेत, तेव्हा हनुवटीने दाखवत. “ते, कडुनिंबासमोरचं, कोपऱ्यापासून दुसरं. तिथे आम्ही राहायचो.” एवढंच. स्कूटर कधी थांबवली नाही. मी म्हणायचे, “बाबा, चला ना बघू या,” तर म्हणायचे, “उशीर होतोय.” रविवारी कसला उशीर, हा प्रश्न मला आता पडतो.

कडुनिंबासमोर, कोपऱ्यापासून दुसरं. मी आत्याला तिथे नेऊन उभी केली. “हे घर.”

आत्याने कमानीकडे पाहिलं, व्हरांड्याकडे पाहिलं, दोन पायऱ्या चढली, उतरली. “नाही गं. हे नाही.”

“हेच आहे. बाबांनी दाखवलंय.”

“मला काहीच ओळखू येत नाही. असल्या कमानी नव्हत्या आमच्या घराला.”

मी तिला डाव्या हाताच्या घरासमोर नेलं, मग उजव्या. घरं एका साच्यातली, त्यामुळे तिचं उत्तरही एकच. मैदानाला पूर्ण फेरी झाली. आत्याला दम लागला होता, आणि मला तिचा राग यायला लागला होता. मनात म्हटलं, कमानीच आठवत नाहीत, आणि जाळी आठवते म्हणे. बाबा खरंच बोलत होते.

आत्या बाकावर बसली. मी चहा ओतला. ती दोन्ही हातांत कप धरून बसली आणि एकदम म्हणाली, “आपण पुढून का बघतोय?”

“मग कुठून बघायचं?”

“पुढच्या दाराने वडील ऑफिसला जायचे. आणि हळदीकुंकवाच्या बायका यायच्या. आम्ही कुठे पुढून जायचो? आम्ही मागच्या गल्लीतून.”

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं क्वार्टर तपासणाऱ्या बाईला हे सुचू नये. लक्ष्मीबाई नगरातसुद्धा आमचं पुढचं दार गणपतीत आणि पाहुणे आल्यावरच उघडायचं. शाळा, दूध, भाजी, भांडण, मैत्रिणी, सगळं मागच्या दाराने. नकाशा पुढून काढतात, म्हणून मी पुढून बघत होते.

मागची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना पडद्याच्या भिंती, मध्ये नाली, वरती तुटक्या वायरी. आत्या गल्लीत शिरली आणि तिची चाल बदलली. हात भिंतीला लावून, न थांबता ती चालत गेली. कोपऱ्यापासून दुसऱ्या दारापाशी आपोआप उभी राहिली. दार नव्हतंच, नुसती चौकट. “इथे उंबऱ्याला खड्डा आहे,” ती म्हणाली आणि मग खाली पाहिलं. दगडी उंबरा मधोमध झिजलेला होता. प्रत्येक घराचा झिजलेला असणार, हे मी बोलले नाही.

घर तेच होतं. बाबांचं कोपऱ्यापासून दुसरं.

अंगण लहानसंच. एका बाजूला स्वयंपाकघराची काळवंडलेली खोली, एका कोपऱ्यात नळाची मोरी, आणि पश्चिमेला पडद्याची भिंत. सलग. वरपासून खालपर्यंत पांढरी, सफेदीचे थरावर थर चढलेले. आत्या तिच्यासमोर उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

“नाही ना?” ती म्हणाली.

“थांब जरा.”

मला तिला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून मी वेळ काढत होते. पेचकस काढला आणि उगाच कोपऱ्यातली सफेदी खरवडायला लागले. ओलीने मीठ फुटून थर फुगलेलाच होता, तो हाताएवढा पापुद्रा होऊन गळून पडला. खाली जुनी वीट, जुना चुना. विटांच्या मधल्या सांध्यांत चुना आणि विटकुरीच्या भुकटीचा गुलाबी माल. उत्तम काम. इंग्रजाच्या ठेकेदाराने चोरी केली नव्हती, निदान या भिंतीत. मी खरवडत मोरीकडून मधोमध आले. आणि मग सांधा करडा लागला.

करडा म्हणजे सिमेंट. मी थांबले. चष्मा पुसला. गुलाबी चुन्याच्या भिंतीत एका विटेच्या चारही बाजूंनी सिमेंट कशाला असेल? वीटही वेगळी होती, फिकट, अर्धी तोडून बसवलेली. मी तिच्या शेजारची सफेदी काढली. शेजारची वीट जुनी, गुलाबी सांध्याची. त्याच्या पलीकडची पुन्हा फिकट, करड्या सांध्याची. मग जुनी. मग फिकट.

त्यानंतर मी वेड्यासारखी खरवडत सुटले. अंगावर, केसांत सफेदी. आत्या म्हणत होती, “अगं हळू, अगं डोळ्यात जाईल,” पण मी ऐकत नव्हते. एक आड एक वीट, एकावर एक चार ओळी, खालच्या ओळीशी वरची सरकवून घेतलेली. बुद्धिबळाच्या पटासारखी. आणि ते सगळं माझ्या कमरेच्याही खाली. उभ्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. पाटावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांना मात्र गल्ली दिसली असती, दूधवाला, भाजीची गाडी, समोरच्या दारातली बाई, सगळं. आणि गल्लीतून जाणाऱ्याला ती दिसली नसती.

मी मागे वळले. मला वाक्य नीट सुचेना, म्हणून अहवालात लिहितात तसं सांगितलं. “मूळ भिंतीत अर्ध्या-अर्ध्या विटा काढून जाळी केलेली होती. नंतर सिमेंट लावून बुजवली आहे. पुष्कळ जुनं काम आहे.”

“म्हणजे होती?”

“होती, आत्या.”

ती खाली बसली. बसायला काही नव्हतं, विटांचा एक ढीग होता, त्याच्या कडेवर. तोंडावर शालीचं टोक धरलं आणि रडली. मीही रडले. आम्ही दोघी सफेदीने माखलेल्या म्हाताऱ्या बायका, पाडायला काढलेल्या घरात.

ती जाळी कोणी केली, हे मला कळलेलं नाही. आजोबा साहेबाच्या सावलीलाही नमस्कार करणारे, त्यांची हिंमत नव्हती. गवंड्याचा हात म्हणावा तर कापणी तितकी सफाईदार नाही. मला आपलं वाटतं, आजीनेच केली असेल, उलथन्याने नाहीतर पळीच्या दांड्याने, दुपारी आजोबा ऑफिसात असताना, रोज थोडी थोडी. पण हे वाटणं झालं. बुजवली कोणी, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते, कारण ती माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. आजी गेली. आजोबांना बदली मिळाली. घर मूळ स्थितीत परत द्यायचं होतं.

म्हणजे पाहणीला कोणीतरी ओव्हरसियर आला असेल. आजोबा ओळीत उभे असतील, आणि त्यांच्याबरोबर दहा वर्षांचा एक मुलगा, पढवून ठेवलेला. कालपरवापर्यंत जिथे आई बसायची ती जागा बुजवताना त्याने पाहिली असेल, कदाचित विटाही त्याच्याच हाताने दिल्या असतील. आणि ओव्हरसियरने विचारल्यावर, किंवा विचारायच्याही आधी, त्याने सांगितलं असेल. पहिल्यापासून सलग भिंत आहे. जाळी-बिळी काही नव्हती.

हे मनात आलं आणि मला बाबांचा इतका राग आला की सांगता येत नाही. सरकार गेलं, साहेब गेले, आजोबा गेले, आणि तुम्ही सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत तेच सांगत राहिलात? मग कीव आली. सरोजिनी नगरच्या त्या चिमुरडीवर मी किती हसले होते. ती आज कुठे असेल आणि काय सांगत असेल, कोण जाणे. बाबांना शेवटी शेवटी ते खरंच वाटत असेल का, हेही मला कधी कळणार नाही.

मी हे सगळं आत्याला सांगितलं. तिला सांगू नये असं एकदा वाटलं, पण लपवालपवी खूप झाली होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “दादाने मला एवढंच म्हणायला हवं होतं, जाळी होती, पण कोणाला बोलू नकोस. मी नसते बोलले.” मग पुन्हा, “त्याला तर आई माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. त्याने ती कोणाला सांगितली?”

 मी पोळीच्या गुंडाळ्या काढल्या. आम्ही अंगणात बसून खाल्ल्या. खाता खाता आत्या वाकली आणि भिंतीच्या अगदी खालच्या भागाकडे बोट दाखवलं. चार ओळींच्या खाली, पापुद्रा गळालेल्या जागी, एकटीच, अजून एक फिकट वीट होती. मी ती पाहिलीच नव्हती. जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर.

“ही माझी,” आत्या म्हणाली.

“हे मी लेखी देऊ शकत नाही.”

“नको देऊस.” आणि ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुपार कलायला लागली तसं धुकं विरलं. दिल्लीचं हिवाळी ऊन उशिरा येतं, पण येतं तेव्हा अंगाला लागतं. पश्चिमेच्या भिंतीवरून ते अंगणाच्या पलीकडच्या कडेला पडलं. आम्ही भिंतीच्या सावलीत होतो. आत्या त्या उजळ पट्ट्याकडे बघत होती, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिकडे.  मागणं आत्याच्या स्वभावात नाही, दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलींच्या नसतंच.

मी उठले आणि सिमेंट तपासलं. वरून दुसऱ्या ओळीतली एक वीट ओलीने पोखरलेली होती, सांधा पेचकसाने उकरला की वाळूसारखा सांडत होता. मी चारही बाजू उकरल्या. आयुष्यभर लोकांना नोटिसा दिल्या होत्या याच गोष्टीच्या. वीट हलली, अडकली, पुन्हा हलली. मग आत्यानेही उठून हात लावला आणि आम्ही दोघींनी ती बाहेर ओढली.

उन्हाचा एक चौकोन आत आला. आत्याने ढिगावर जागा बदलली, थोडी डावीकडे, थोडी पुढे, आणि चौकोन बरोबर तिच्या मांडीवर घेतला. निळ्या साडीवर पिवळा. तिने त्यावर हात ठेवला. तो हातावर आला. हात काढला, तो परत साडीवर गेला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण तिथे मी असायची गरज नव्हती.

तेवढ्यात गार्ड आला. आम्हाला फार वेळ झाला म्हणून बघायला आला असेल. त्याने खरवडलेली भिंत पाहिली, खाली पडलेली सफेदी पाहिली, माझ्या हातातला पेचकस पाहिला.

“ये क्या किया? ये ईंट किसने निकाली?”

मी पेचकस पर्समध्ये टाकला. मी विभागाची होते ना.

आत्याने मांडीवरचा हात हलवला नाही. कानटोपी नीट केली आणि तिच्या पुणेरी हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाली, “किसीने नहीं निकाली, भैया. पहले से ऐसाच था.”

त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, “ठीक है, माताजी. आराम से आइए,” आणि गल्लीतून निघून गेला.